नऊ पावलं

पलंगापासून दारापर्यंत नऊ पावलं.
पहिल्याच दिवशी फीत लावून मोजली,
वहीत लिहिलं:
गोपिकाबाई निखारे, वय अठ्ठ्याहत्तर, तांडापेठ,
उजवा खुबा, मेडिकलमधून सुट्टी होऊन बारा दिवस.
ध्येय: दार.

मे महिना. कूलरच्या टपात पाणी तळाला,
वाळ्याचा वास कमी, मोटरची घरघर जास्त.
सून वॉकरची रबरी बुचं पुसून देते
आणि उंबऱ्यात उभी राहते,
परीक्षेच्या खोलीबाहेर आई उभी राहते तशी.

एक. दोन. तीन. चार.
पाचव्याला वॉकर थांबतो.
"चला आजी, मी धरलंय."
"धरलं ना व बाप्पा. थांब जरा."
मग ती चौकट डावीकडे वळते,
भिंतीला घासत, तांदळाच्या पोत्याजवळून,
फ्रिजच्या कडेनं,
आणि दार दोन पावलांवर असताना
दम संपतो.

मी लिहिलं: पडण्याची भीती.
पुढच्या आठवड्यात: वजन टाकायला कचरतात.
मग: नजर तपासून घ्यावी.
सेंटरच्या मॅडम म्हणाल्या, सरळ रेघ आखून दे.
खडूनं आखली.
आजींनी रेघेकडे पाहिलं, मग माझ्याकडे,
चुकीच्या घरी जेवायला आलेल्या पाहुण्याकडे पाहावं तसं,
आणि डावीकडे वळल्या.

त्या दिवशी मी चिडले, खरं सांगते.
सकाळपासून चार घरं झाली होती,
स्कूटीची सीट तव्यासारखी,
गोळीबार चौकापासून स्कार्फमधला घाम डोळ्यांत.
"आजी, इथे काही नाही! फरशी आहे नुसती!"
आणि पाय आपटला मी त्या जागेवर.

सून पटकन पुढे आली.
आजी रागावल्या नाहीत.
"खड्डा हाय तिथं."
"बुजवला नं आई, बारा वर्सं झाली."
"मालूम हाय मले. रेती त म्याच टाकली."

मग वॉकरला रेलून, श्वास घेत घेत:
इथं माग होता, खड्डामाग.
ते काठावर बसत, पाय खाली पावड्यांवर.
मी तिकडं भिंतीशी, कांड्या भरत.
पोटुशी होती तरी, हातात भरला गुंड होता तरी,
लाईन गेली असली तरी,
याच अंगानं गेली मी दाराकडं.
"आता तू म्हन्तं, सरळ जा.
त्यांच्या मांडीवरून जाऊ काय व?"

मी खाली पाहिलं.
चार फरश्या वेगळ्या होत्या,
पिवळट, थोड्या खचलेल्या.
तीन आठवडे मी त्यांच्यावरच उभी राहून
आकडे मोजत होते.

रेघ ओल्या फडक्यानं पुसली.
वहीत "भीती" खोडलं. तिथं काय लिहायचं
ते सुचलं नाही, रकाना रिकामा राहिला.
अंतराच्या नऊचे अकरा केले.
मॅडमनी विचारलं, खोली वाढली का गं?
म्हटलं, हो.

वळणावर आता मी त्यांना घाई करत नाही.
पोत्यावर हात टेकून त्या दम घेतात,
मीही घेते.

जूनच्या तोंडावर एकदा दार आलं.
समोर बंद शटर, सावलीला एक बकरी,
कुणाच्या तरी खाटेवर कुरड्या.
आजींनी सगळं नीट पाहून घेतलं.
"याच्यासाठी आनलं मले?"
सून इतकी हसली की पदर तोंडात घालावा लागला.
दुसऱ्या दिवशी म्हणे
मी यायच्या आधीच जाऊन आल्या,
बकरी आहे का बघायला.

आता लकडगंजात एका सरांकडे जाते.
डावी बाजू गेलीय, बोलणं जड.
खाट, खिडकी, मधे बरीच मोकळी जागा.
फीत पिशवीतच होती.
दारात चप्पल काढली आणि तिथंच थांबले.
विचारलं,
"सर, मी कुठून येऊ?"